पहिलं फावडं

(मुलांनो, जरा माझ्याबरोबर या. एक समुद्र डोळ्यांसमोर आणा. समुद्राच्या अलीकडे वाळूचा लांबलचक बांध. तो कुणी बांधलेला नाही, लाटांनीच रचलेला आहे. बांधाच्या आत एक मोठं तळं. तळ्याच्या काठी, खांबांवर उभं असलेलं एक लाकडी घर. तिथे विजेची तार जात नाही, नळ जात नाही, रस्तासुद्धा जात नाही. छपरावर सौर पॅनेल आहेत. त्यांची वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या घराखाली, खांबांमधल्या पेटीत ठेवल्या आहेत. पावसाचं पाणी एका टाकीत साठवलं आहे, ते जपून वापरायचं. दिसलं सगळं? आता त्या तळ्यातलं पाणी काढून घ्या. नुसता चिखल उरू दे, आणि चिखलात तडफडणारे मासे. सकाळची वेळ आहे. ओसरीवर बोलणं केव्हाच सुरू झालंय. सुट्टीला आलेली एक मुलगी आहे, तिला सगळे टिटवी म्हणतात. तिची आई आहे. आणि मागच्या वर्षी आईनं ज्यांच्याशी लग्न केलं, ते काका आहेत. घर काकांच्या आत्याचं; ती स्वतः तळ्याच्या पलीकडच्या काठावर राहते, आणि टिटवी तिला आत्याआजी म्हणते. आपण कठड्याला टेकून गुपचूप ऐकू.)

काका : ...तसं टक लावून बघू नकोस माझ्याकडे. मी फक्त विचारतोय, तुला काय काय दिसलं.

टिटवी : काल ऊन उतरल्यावर तुम्ही फावडं घेऊन बांधाकडे गेलात. परत आलात तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

काका : फिरायला गेलो होतो.

टिटवी : फावडं घेऊन?

आई : टिटवे, मोठ्यांना उलटे प्रश्न विचारू नयेत.

टिटवी : मी सरळच विचारला.

काका : वकील व्हायचीय ही मोठी होऊन. बरं बाई, मारली चार फावडी. बोटभर चर पाडला. बोटभर म्हणजे बोटभर. पाणी चढत चढत बॅटऱ्यांच्या पेटीला टेकलं होतं. बॅटऱ्या भिजल्या असत्या तर? दिवे नाहीत, पंखा नाही, फ्रिज नाही. अंधारात त्या बिनपाण्याच्या, भुसा टाकायच्या संडासात बसायची पाळी आली असती, मग कळलं असतं.

टिटवी : पाणी चढलं तर बॅटऱ्या वर आणून ठेवा, असं आत्याआजीनं सांगितलं होतं.

काका : एक उचलून बघ. कंबर धरते माणसाची. मी इथे हमाली करायला आलोय का सुट्टीवर?

टिटवी : पण बोटभर चर नसतोच, काका. वाळू सैल असते. पाणी धावायला लागलं की कडा ढासळतात, मग आणखी पाणी घुसतं, मग आणखी ढासळतात. आत्याआजीनं मला बशीत वाळू घेऊन दाखवलं होतं.

काका : दाखवलं असेल. मला कधी बशी दाखवली नाही.

आई : अहो, ते आत्ता कशाला.

काका : नाही, ऐकू दे तिला. चड्डीत होतो तेव्हापासून येतोय मी इथे. दर वर्षी आत्या दिवस ठरवते, दर वर्षी बांध तीच फोडते. आणि दर वर्षी मी म्हणायचो, आत्या, पहिलं फावडं मला मारू दे. ‘तू घाई करतोस, छोट्या.’ डोक्यावरचे केस गेले माझ्या, तरी छोट्याच. आणि ही कालपरवा माझ्या घरात आली, तर पहिल्याच दिवशी जाहीर झालं, यंदा पहिलं फावडं टिटवी मारणार.

टिटवी : मी मागितलं नव्हतं.

काका : तेच ना. मागितलंसुद्धा नव्हतंस.

आई : जाऊ दे हो. झालं ते झालं. ती बघा, निघाली.

काका : कोण?

आई : आत्या. पलीकडच्या काठावर. होडी चिखलात रुतलीय ना, म्हणून पायाला फळ्या बांधल्यात त्यांनी.

काका : बदकीण चाललीय जशी. चालू दे, चालू दे. चिखल मऊ आहे, वेळ लागेल तिला.

टिटवी : ती सरळ नाही येत. लव्हाळ्याकडे वळली. तिथे टिबुकलीचं घरटं आहे.

काका : ही टिबुकली कोण आणखी?

टिटवी : पाण्यात बुडी मारते ना, ती छोटी. तिचं घरटं पाण्यावर तरंगतं. आता ते चिखलावर बसलंय. कुत्री चालत जातील तिथपर्यंत. पिल्लं अजून अंड्यातच आहेत, म्हणून तर आत्याआजी बांध फोडायचं थांबली होती. आणि मोठ्या भरतीसाठी. मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी आत येतं. आत्ताच्या भरत्या लहान आहेत. तळ्यातलं नुसतं जातं, बाहेरून काही येत नाही.

काका : संपला तास? घंटा वाजवू?

आई : हसू नका तिला.

काका : हसत नाही. खूश होतोय. एवढी हुशार मुलगी आहे म्हणून तर तिच्याशी मोठ्या माणसासारखं बोलतो. नीट ऐक, टिटवे. आत्याचा एकच नियम आहे. बांधाला जो हात लावेल, तो या घरात परत येणार नाही. माझ्या थोरल्या भावानं नुसती काचेची बाटली तळ्यात फेकली होती, तर त्याला घालवला तिनं. आज भिंतीवर त्याचा फोटोही नाही. आणि हे घर आपल्यामागे कुणाला द्यायचं, ते ती यंदा ठरवणार आहे. कळतंय?

टिटवी : हो. ती तुम्हाला घालवेल.

काका : मला म्हणजे आपल्याला.

टिटवी : मी आणि आईनं काही केलं नाही.

काका : तुझी आई माझ्यामुळे येते. तू तुझ्या आईमुळे येतेस. मला काढलं की पुढचं सगळं आपोआप गळतं. म्हणून मी काय म्हणतो... अगं, तू सांग ना. तुझी आहे ती.

आई : मी?

काका : झोपताना काय ठरलं आपलं?

आई : राणी, इकडे ये. बस माझ्याजवळ. आत्याआजीला तू फार आवडतेस ना?

टिटवी : मला पण ती आवडते.

आई : मग तू तिला सांगशील का, की... खेळता खेळता तू खणलंस म्हणून?

टिटवी : मी नाही खणलं.

आई : माहीत आहे गं मला.

टिटवी : मग का सांगू?

काका : कारण तू लहान आहेस. लहान मुलाला कोण काय करतं? दोन शब्द बोलेल, गाल ओढेल, विसरून जाईल. माझ्या दुकानात हे रोज चालतं. कपाटाचं दार वाकडं लागलं, गिऱ्हाईक तणतणत आलं, की मी नव्या मुलीला पुढे करतो. ‘हिच्याकडून झालं हो, नवीन आहे.’ गिऱ्हाईक लगेच थंड. वर तिलाच म्हणतं, असू दे गं.

टिटवी : आणि मग तिचं काय होतं?

काका : कुणाचं?

टिटवी : त्या नव्या मुलीचं.

काका : काय व्हायचंय? ती जाते, दुसरी येते.

आई : अहो, असं काय सांगता तिला. राणी, ते दुकान झालं. हे घर आहे.

टिटवी : आत्याआजी माझ्याशी बोलायची बंद झाली तर?

आई : नाही होणार. होईल दोन दिवस. बघ, आपण मामाकडे राहायचो, आठवतं? ती स्वयंपाकघरामागची खोली. मामी कशी भांडी आपटायची. आपण जेवायला बसलो की पंखा बंद करायची. तुला परत तिथे जायचंय?

टिटवी : तिथे तू माझ्या शेजारी झोपायचीस.

काका : वा. म्हणजे आता मीच वाईट.

आई : तसं नाही म्हणायचं तिला.

काका : तसंच म्हणायचंय. वर्ष झालं, अजून मला काका म्हणते. शेजारचे विचारतात, कोणाची मुलगी? मी काय सांगायचं? बरोबर आलेलं सामान?

आई : टिटवे, माझ्याकडे बघ. मी तुला कधी काही मागितलंय? नाही ना? एवढं एकदाच. माझ्यासाठी.

टिटवी : पण तिला खरं वाटणारच नाही.

काका : कशावरून?

टिटवी : तिला माहीत आहे की मला माहीत आहे. बशीतलं, भरतीचं, पिल्लांचं, सगळं. ज्याला माहीत असतं तो असं कशाला करेल? ती लगेच विचारेल, खरंच का गं तू खणलंस?

काका : मग पैज. तिनं तुला एकदा जरी विचारलं, ‘खरंच का?’ तर तू काही बोलू नकोस. मी उठेन, पुढे होईन आणि सांगेन, आत्या, मी खणलं. शब्द देतो.

टिटवी : आईची शपथ?

काका : तुझ्या आईच्या डोक्यावर हात ठेवतो, हा बघ. आता तरी?

टिटवी : एकदा विचारलं तरी पुरे?

काका : एकदा. अर्धवट विचारलं तरी चालेल.

टिटवी : ठीक आहे.

आई : माझं सोनं ते.

काका : म्हणून दाखव आता.

टिटवी : आत्याआजी, बांध मी खणला.

काका : पाढे म्हणतेयस का? खाली बघ. आवाज जरा आत जाऊ दे. ‘माझ्याकडून झालं’ असं म्हण. आणि पुढे, ‘मला पहिलं फावडं मारायचं होतं, धीर धरवला नाही.’ हे विसरू नकोस. ते तिला पटेल.

टिटवी : ते तर तुम्हाला मारायचं होतं.

आई : टिटवे.

काका : नाही, नाही, हसतोय मी. बघ, हसतोय की नाही? पुन्हा म्हण.

टिटवी : माझ्याकडून झालं. मला पहिलं फावडं मारायचं होतं. धीर धरवला नाही.

काका : हं. जमतंय. अगं, माझी पँट कुठे टाकलीस?

आई : मागे दोरीवर. धुतेच आता.

टिटवी : आई, टाकीचा नळ नको सोडूस एवढा. काल मला अंघोळ नको म्हणालीस, पाणी पुरवायचंय म्हणून.

आई : चिखल वाळला की डाग धरतो बाळा. आत्यांची नजर बारीक आहे.

काका : आणि हिचा फ्रॉक बघ. इस्त्री केल्यासारखा. असा फ्रॉक घालून कुणी बांध खणतं का? जरा चिखल आण खालून.

आई : मी?

काका : मी लावला तर रडेल. तुझ्या हातानं लाव.

आई : ...उभी राहा सरळ. हात पुढे कर. गार लागेल हं. नखांतसुद्धा जाऊ दे थोडा. आता मागे वळ.

टिटवी : पाठीला कशाला? खणताना पाठीला चिखल लागत नाही, आई.

आई : हो, खरंच की. पुढेच लावते. गुडघे दाखव.





काका : पुरे, पुरे. म्हशीसारखी नको करू. आली ती जिन्यापाशी. तू बस त्या पायरीवर, टिटवे. मी इथे वर्तमानपत्र... हॅं, इथे कुठलं वर्तमानपत्र. बरं, मी आपला हाताची घडी घालून बसतो. ये आत्या, ये. सांभाळून. काय हे, केवढी चिखलातून चाललीस.

आत्याआजी : हात द्या कुणीतरी. तू नको छोट्या, तुझी मूठ घसरते. सूनबाई, तू दे. हं. फळ्या सोड पायाच्या. बसते जरा.

आई : पाणी आणू?

आत्याआजी : पाणी. हो, आण. घरात तरी आहे म्हणायचं.

काका : आत्या, आम्ही तर सकाळी उठून बघतो तो काय...

आत्याआजी : थांब. दम घेऊ दे. लव्हाळ्यात जाऊन आले. घरट्यात अंडी आहेत अजून, पण गार पडायला लागलीत. पक्षीण लांब उभी आहे, जवळ यायला धजत नाही. कुत्र्यांचे पाय उमटलेत चिखलात. मला टोपली हवी, आणि एखादी जुनी शाल. अंडी उचलून न्यायची आहेत घरी, चुलीजवळ. जगतील न जगतील. ते मी करते. त्याआधी एवढंच विचारायला आले. बांधाला हात कुणी लावला?

आई : हे घ्या पाणी.

काका : सांग बेटा. घाबरायचं नाही. आत्या खरं बोलणाऱ्याला रागावत नाही.

आत्याआजी : टिटवी? वर बघ.

टिटवी : माझ्याकडून झालं.

आत्याआजी : काय झालं?

टिटवी : बांध. मला पहिलं फावडं मारायचं होतं. धीर धरवला नाही.

आत्याआजी : हं.

टिटवी : भरती लहान आहे ते मला माहीत होतं, आत्याआजी. पाणी जाईल आणि येणार नाही, तेही माहीत होतं. पिल्लं निघाली नाहीत, तेही. बशीतली वाळू कशी ढासळली ते मला चांगलं आठवतं. तरी खणलं.

काका : एवढं सविस्तर नको सांगूस, बेटा. कळलं आत्याला.

आत्याआजी : बोलू दे तिला. सगळं माहीत होतं तुला?

टिटवी : हो, सगळं. तूच शिकवलंस ना.

आत्याआजी : आणि तरी खणलंस.

टिटवी : ...हो. तरी.

आत्याआजी : नकळत केलं असतंस तर मी पुन्हा शिकवलं असतं. शाळेत जन्म गेला माझा, शंभरदा शिकवायला कंटाळले नसते. पण कळून केलंस. त्याला माझ्याजवळ धडा नाही.

टिटवी : आत्याआजी.

आत्याआजी : काय?

टिटवी : तुला मला काही विचारायचंय का?

आत्याआजी : काय विचारायचं? तूच सांगितलंस सगळं.

टिटवी : तरी पण. काहीतरी. एकदाच.

आत्याआजी : नाही बाळा. जन्मभर वर्गात मी एवढंच सांगत आले, केलं असेल तर उठून सांगा, मी उलटतपासणी करणार नाही. तू उठून सांगितलंस. आता मी तुला उलट विचारलं, तर मीच माझा शब्द मोडला.

काका : हे मात्र खरं आहे, आत्या. तुझा स्वभावच तसा.

आत्याआजी : सूनबाई, तुम्हाला कळलं कधी?

आई : आम्ही... सकाळीच, आत्या. काल दुपारी जरा डोळा लागला होता. ही कधी उठून गेली, पत्ताच नाही. फ्रॉक बघा ना तिचा.

आत्याआजी : बघितला. चूक माझीही आहे. पोरीच्या कानावर आधी फावड्याचं घातलं, दिवस नंतर सांगायचा म्हटलं. दिवस आला नाही तोवर बोलायलाच नको होतं. भूक लावली आणि ताट दिलं नाही.

टिटवी : मला भूक नव्हती.

काका : उलट बोलू नये, टिटवे.

आत्याआजी : माझा नियम तुला ठाऊक आहे, छोट्या.

काका : आहे की. पण लहान आहे गं ती. पोर म्हणजे पोर. माझ्याकडे बघून या वेळी सोडून दे.

आत्याआजी : तू रदबदली करतोयस? आश्चर्य आहे. चांगलं आहे. माणूस बदलतो म्हणायचं.

काका : आपलीच मुलगी आहे शेवटी.

आत्याआजी : लहान आहे म्हणून कायमचं नाही म्हणत. पण पुढची काही वर्षं हिला आणू नका. मोठी होऊ दे, मग बघू. तुम्ही दोघं या.

आई : म्हणजे हिला कुठे ठेवायचं, आत्या? सुट्टीत?

आत्याआजी : हिचा मामा आहे म्हणालीस ना?

आई : ...आहे.

आत्याआजी : मग झालं. आणि छोट्या, पुढच्या वर्षी पहिलं फावडं तू मार.

काका : मी?

आत्याआजी : तू. या वयात तरी घाई करणार नाहीस, असं धरून चालते. मीही किती दिवस वाकणार आता?

काका : आत्या, काय बोलू. खरंच, काय बोलू मी.

आत्याआजी : काही बोलू नकोस. टोपली दे.

आई : ही घ्या. शाल माझीच देते, मऊ आहे.

टिटवी : मी येऊ तुझ्याबरोबर? अंडी धरायला? दोन हातांत बसणार नाहीत ती. मी हळू चालेन. मी हलकी आहे, चिखलात फळ्या नाही लागणार मला.

आत्याआजी : नको.

टिटवी : नुसती टोपली धरते. अंड्यांना हात नाही लावणार.

आत्याआजी : नको म्हटलं ना. आज तुझे हात तिथे नकोत मला. फळ्या बांध सूनबाई. घट्ट बांध. हं. निघते.

काका : सांभाळून, आत्या. डावीकडून जा, तिकडे चिखल कमी आहे... गेली. ऐकत नाही कुणाचं. संपलं बुवा एकदाचं. बघ, किती सोपं होतं. मी उगाच घाबरत होतो.

टिटवी : तिनं विचारलं नाही.

काका : नाही विचारलं. मी तयार होतो हं. अगदी असा पायावर जोर देऊन बसलो होतो, विचारलं की उठायचं. तुझ्या आईला विचार. पण नाही विचारलं, तर मी काय करू? ठरलं ते ठरलं.

आई : तुम्ही आत जा ना जरा.

काका : का? आनंदाची गोष्ट आहे. पहिलं फावडं. ऐकलंस तू? ‘छोट्या, तू मार.’ किती वर्षांनी. आणि हे सगळं कुणामुळे? या आमच्या टिटवीमुळे. आजपासून तू माझी मुलगी. आता बाबा म्हणायला हरकत नाही.

आई : टिटवे, ऐक. पुढच्या वर्षी मी त्यांना समजावेन. नाहीतर मीच येणार नाही. आपण दोघी दुसरीकडे कुठेतरी जाऊ.

काका : अं?

आई : म्हणजे... बघू. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

टिटवी : हात धुऊ?

आई : टाकीत राहिलं नाही फारसं. पँटला गेलं बरंच. फडक्यानं पूस आत्ता, सोनं.

काका : फ्रिजमध्ये सरबत आहे तिच्यासाठी. दे तिला. सगळं दे. आज तिचा दिवस आहे... अरे, ही उठली कुठे?

आई : टिटवे, तिकडे कुठे? मागे काय आहे? ते फावडं कशाला ओढतेयस?

टिटवी : चर बुजवायला.

काका : आता? तळं रिकामं झालं आणि ही चर बुजवणार. तुझ्यानं उचलतंय तरी का ते?

टिटवी : ओढता येतं.

आई : ठेव ते खाली. आत्या लव्हाळ्यात आहेत, मान वळवली की तू दिसशील त्यांना. बांधावर तू, आणि तुझ्या हातात फावडं. काय वाटेल त्यांना?

काका : दिसू दे की. बरंच आहे ते.

आई : अहो, काय बोलता.

काका : खरं तेच बोलतो. एवढ्यातेवढ्या शंका असतील तर त्याही जातील.

आई : टिटवे, मी सांगतेय ना. ठेव ते. ऐक माझं.

टिटवी : आई, जिन्यातून बाजूला हो. लव्हाळ्याच्या खड्ड्यात अजून मासे आहेत, आणि पाणी जातंय.